मध्ययुगातली उत्तर आफ्रिकेची बंदरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नक्की कोणता किनारा, आणि कोणता काळ?

पश्चिमेला सेउता, पूर्वेला अलेक्झांड्रिया आणि या दोहोंमधला भूमध्य समुद्राचा सगळा दक्षिण काठ. मधे ओरान, अल्जीयर्स, बिजाया, ट्युनिस, सूस, महदिया, स्फाक्स, त्रिपोली. आजच्या नकाशात हा किनारा मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया आणि इजिप्त यांच्यात वाटला गेला आहे. सेउता मात्र अजून स्पेनकडे आहे.

काळासाठी सोयीच्या दोन खुणा घेऊ. ६९८ मध्ये अरब फौजांनी बायझंटाइनांकडून, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याकडून, कार्थेज घेतलं, आणि १५१० मध्ये स्पेनने बिजाया व त्रिपोली घेतली. त्याच १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यामुळे हे साल आपल्या ध्यानात राहायला सोपं आहे.

कार्थेजसारखं तयार बंदर हाती आलं होतं, मग अरबांनी ट्युनिस का वसवलं?

बायझंटाइन आरमाराच्या धास्तीने. कार्थेज उघड्या समुद्रावर होतं. कोणीही यावं आणि हल्ला करावा. ट्युनिस हे खाऱ्या सरोवराच्या आतल्या काठावरचं जुनं, लहानसं गाव. हसन इब्न अल-नुमान या सेनापतीने तिथे कालवा काढून सरोवर समुद्राला जोडलं, जहाजबांधणीची गोदी उभारली आणि तिच्यासाठी इजिप्तमधून हजारभर कॉप्ट, म्हणजे तिथले ख्रिस्ती, कारागीर बायकामुलांसह आणवले. ६७० मध्ये वसवलेलं कैरवान तर याच भीतीपोटी किनाऱ्यापासून चांगलं आत ठेवलेलं होतं.

ही भीती फार काळ टिकली नाही. ८२७ मध्ये सूसहून निघालेलं आरमार सिसिलीवर उतरलं. त्याचं नेतृत्व असद इब्न अल-फुरात नावाच्या वयोवृद्ध काझीकडे होतं. ८३१ मध्ये पालेर्मो पडलं, आणि पुढची दोन शतकं समुद्राच्या या मधल्या अरुंद पट्ट्याचे दोन्ही काठ एकाच व्यापारी जगात होते.

एवढा लांब किनारा, तरी मोठी बंदरं मोजकीच का?

एक कारण वाऱ्याचं. जहाजं हाकायच्या दिवसांत इथे वारा बहुतेक उत्तरेकडून आणि वायव्येकडून वाहतो, म्हणजे जहाजाला किनाऱ्यावर ढकलतो. त्यात लिबियाच्या सिर्तच्या आखातात उथळ पाणी आणि वाळूचे दांडे. नैसर्गिक आडोसे थोडेच. म्हणून पश्चिमेकडून इजिप्तला जाणारं मोठं जहाजसुद्धा शक्यतो आफ्रिकेच्या काठाने जात नसे. बालेआरिक बेटं, सार्डिनिया, सिसिली, क्रीट असं उत्तरेकडून वळसा घालून जाई.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बंदर जगतं ते पाठीमागच्या वाटेवर. सोपारा-कल्याणला नाणेघाटाची वाट होती, तसंच इथेही आहे. सेउता, ओरान आणि होनाइन यांच्या मागे सहाराच्या उत्तर कडेवरच्या सिजिलमासाहून, सहारा ओलांडून येणारे उंटांचे तांडे होते. बिजायाच्या मागे काबिलियाचे डोंगर: तिथलं मेण, कातडी, लाकूड. स्फाक्सच्या मागे जैतुनाच्या बागा. वाट तुटली की बंदराचा नुसता धक्का उरतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे महदिया.

महदियाचं काय झालं?

फातिमी खलिफा अल-महदीने ही राजधानी वसवली. ९१६ च्या सुमारास काम सुरू झालं आणि ९२१ मध्ये तो तिथे राहायला गेला. जागा मोठी हुशारीने निवडली होती: समुद्रात घुसलेलं जिभेसारखं भूशिर, तीन बाजूंनी पाणी, आणि जमिनीकडच्या चिंचोळ्या गळ्यावर आडवा जाडजूड कोट. बंदर तर खडकात कोरून काढलेलं. अकराव्या शतकातला भूगोलकार अल-बक्री सांगतो की त्यात ३० जहाजं मावत आणि तोंडाशी दोन बुरुजांमध्ये साखळी ओढता येई.

फातिमींनी ९६९ मध्ये इजिप्त जिंकलं, कैरो वसवलं आणि थोड्याच वर्षांत दरबार तिकडे हलवला. मागे कारभार बघायला झिरी घराणं राहिलं. व्यापाराच्या दृष्टीने उलट हाच भरभराटीचा काळ, कारण आता इजिप्त आणि ट्युनिशिया यांच्यात ये-जा वाढली. इजिप्तची जवस, म्हणजे तागासारख्या धाग्याचं पीक, गठ्ठ्यांनी महदियाला आणि सिसिलीला यायची. इकडून तेल, साबण, रेशीम, कातडी, पोवळं जायचं.

१०५० नंतर बनू हिलाल या भटक्या अरब टोळ्या आत घुसल्या, कैरवान ओस पडत गेलं आणि झिरी अमीर १०५७ मध्ये महदियाच्या कोटाआड येऊन बसला. जुनी पुस्तकं सगळं खापर हिलालींवर फोडतात. ते अन्यायाचं आहे. सोन्याचे तांडे आधीच पश्चिमेकडच्या वाटांनी वळू लागले होते. पण परिणाम तोच झाला: समुद्र होता, पाठची जमीन नव्हती. गहू सिसिलीहून विकत घ्यावा लागे. १०८७ मध्ये पिसा आणि जेनोआ या इटालियन शहरांच्या आरमारांनी शहर लुटलं. पिसाकरांनी त्या विजयाच्या आठवणीत सान सिस्तो नावाचं चर्च बांधलं. ११४० च्या दशकात सलग दुष्काळ पडले, आणि ११४८ मध्ये सिसिलीचा नॉर्मन राजा रॉजर याच्या आरमाराने महदिया घेतली. गहू ज्याच्याकडून यायचा त्याच्याच हाती शहर गेलं. ११६० मध्ये मोरोक्कोकडून आलेल्या अल्मोहाद या मुस्लिम राजघराण्याने ते परत जिंकलं, पण तोवर मान ट्युनिसकडे गेला होता.

जहाजांत काय काय असायचं?

आफ्रिकेकडून: लोकर, कच्ची कातडी, मेण, तेल, खजूर, तुरटी, पोवळं, आणि सगळ्यांत वर सोनं. युरोपकडून: कापड, लाकूड, लोखंड, तांबं, वाईन, दुष्काळात धान्य. अलेक्झांड्रियाचा माल वेगळा. तिथे मिरी, आलं, दालचिनी असा पूर्वेचा माल नाइल नदीने यायचा.

सोन्याबद्दल दोन शब्द जास्त. हे सोनं पश्चिम आफ्रिकेतलं, आधी घाना आणि नंतर माली या राज्यांकडून आलेलं, आणि वाटेत मिठाशी अदलाबदल होऊन उत्तरेला पोचलेलं. पश्चिम युरोपात शतकानुशतकं प्रामुख्याने चांदीचीच नाणी पडत होती. १२५२ मध्ये जेनोआ आणि फ्लॉरेन्सने सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, त्यामागे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून व्यापारात मिळवलेलं सोनं मोठ्या प्रमाणात होतं. व्हेनिसची डुकाट १२८४ ची. पुढे हीच डुकाट भारतात इतकी आली की आपल्याकडे तिला पुतळी म्हणू लागले, आणि पुतळ्यांच्या माळेत ती गळ्यात जाऊन बसली.

धर्मयुद्धं चालू असताना मुसलमान आणि ख्रिस्ती एकमेकांशी व्यापार कसा करायचे?

निवांतपणे, करार करून. ११८६ मध्ये पिसाने अल्मोहादांशी २५ वर्षांचा करार केला. त्यात पिसाच्या लोकांना सेउता, ओरान, बिजाया आणि ट्युनिस या बंदरांत व्यापाराची मुभा होती, जकात दहा टक्के. त्याच्या सात वर्षं आधी, ११७९ मध्ये, रोममधल्या धर्मसभेने मुसलमानांना शस्त्रं, लोखंड आणि जहाजाचं लाकूड विकणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करायचं फर्मान काढलं होतं. फर्मान पुन्हा पुन्हा काढावं लागलं, यावरून काय ते समजावं.

फ्रान्सचा नववा लुई १२७० मध्ये ट्युनिसवर चालून आला आणि वेढ्यातच आजाराने मेला. त्याच वर्षी तह झाला, आणि व्यापारी पुन्हा आपापल्या वखारीत. दोन्हीकडच्या राजांना जकातीचं उत्पन्न सोडवत नव्हतं.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीचं होतं असं अजिबात नाही. चाचेगिरी दोन्ही बाजूंनी जोरात होती, आणि आज ज्याच्याशी सौदा केला त्याचीच उद्या कैदेतून सुटकेची रक्कम ठरवायची वेळ येई.

परका व्यापारी ट्युनिसला उतरला की पुढे काय व्हायचं?

पहिली गाठ जकातखात्याशी. अरबीत दिवाण म्हणत. माल उतरवला की त्याची नोंद व्हायची, आणि दुभाषा दिला जायचा. दुभाषा सरकारी, त्याची फी वेगळी. माल दोन तऱ्हेने विकता येई: जकातखात्याच्या देखरेखीखाली लिलावाने, किंवा खाजगी सौद्याने. लिलावातल्या किंवा सरकारी दुभाष्यासमोर झालेल्या सौद्याचे पैसे बुडाले तर जकातखातं जबाबदार धरलं जाई. खाजगीत केलंत तर तुमचं तुम्ही बघा. विकला न गेलेला माल बहुतेक करारांप्रमाणे जकात न भरता परत नेता येई.

मुक्काम फुंदुकात. फुंदुक म्हणजे वखार, धर्मशाळा आणि वकिलात एकाच चौकात: खाली गोदामं, वर खोल्या, आत छोटं चर्च, भट्टी, वाईनचा गुत्ता, आणि आपल्या लोकांचे तंटे सोडवणारा कॉन्सुल. पिसा, जेनोआ, व्हेनिस, मार्सेय, कातालोनिया अशा प्रत्येकाचा फुंदुक निराळा. अलेक्झांड्रियात रात्री आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी फुंदुकांची दारं बाहेरून बंद करत. संरक्षण म्हणा की पाळत, दोन्ही खरं.

आत लिहिणारा नोटरीही असे. पिएत्रो बात्तिफोल्यो हा जेनोआचा नोटरी १२८८-८९ मध्ये ट्युनिसमध्ये बसून दस्त करत होता आणि ते दस्त जेनोआत आजही जपलेले आहेत: कर्ज, भागीदारी, मुखत्यारपत्र, जहाजभाडं. आपल्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत बसल्यासारखं वाटतं वाचताना.

दुभाष्यांमधला एक तर विलक्षण. अन्सेल्म तुर्मेदा हा मायोर्काचा फ्रान्सिस्कन साधू ट्युनिसला आला, मुसलमान झाला, अब्दुल्ला अल-तर्जुमान या नावाने जकातखात्यात नोकरीला लागला, अरबीत ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि तरीही कातालान भाषेत लिहीतच राहिला. तिकडच्या राजांनी परत यायची आमंत्रणं दिली. तो गेला नाही. त्याची कबर ट्युनिसच्या जुन्या शहरात आहे.

रोख रक्कम बरोबर न्यायची का?

शक्यतो नाही. सुफ्तजा नावाची चिठ्ठी चालायची, आपल्या हुंडीची बहीणच: इथे पैसे भरा, तिथे नामांकित सावकाराकडून घ्या. भांडवल एकाचं आणि मेहनत दुसऱ्याची अशी किराद नावाची भागीदारी होती. तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा, फिरणाऱ्याची मेहनत वाया. इटालियनांची कोम्मेंदा याच वळणाची. एकाच जहाजात सगळा माल भरायचा नाही, तीन-चार जहाजांत वाटायचा, हा अलिखित नियम.

या सगळ्याचा पाया पत. दूरच्या बंदरातला ओळखीचा माणूस तुमचा माल विकतो, तुम्ही त्याचा. पगार कोणी कोणाला देत नाही. म्हणूनच पत्रांत तक्रारींचा सूर फार. 'तुला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही' या धाटणीचं रडगाणं हजार वर्षांपूर्वीही तेच होतं.

आणि परगावी मेलात तर? प्रवासी इब्न बतूता १३२५ मध्ये बिजायातून जात असताना सोबतचा ट्युनिसचा व्यापारी वारला. वारसांना द्यायला त्या व्यापाऱ्याने मरणाआधी ३,००० सोन्याचे दिनार एका माणसाकडे सोपवले होते. बिजायाच्या अमीराने ते सरळ जप्त केले.

ही पत्रं सापडली कुठे?

जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका बंद खोलीत. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या ज्यू प्रथेमुळे लिहिलेला जवळजवळ कुठलाही कागद तिथे टाकला जाई. त्यात धर्मग्रंथ आले, तसेच बाजारभाव, जहाजांच्या याद्या, घटस्फोटाचे कागद आणि हिशेबही आले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. भाषा बहुतेक अरबी, लिपी हिब्रू. कैरवानहून फुस्तातला येऊन स्थायिक झालेल्या नहराय बेन निस्सीम या एकट्या व्यापाऱ्याच्या पत्रव्यवहारातली शेकडो पत्रं त्यात आहेत.

कागदाबाहेरचा एक पुरावा मला फार आवडतो. पिसाच्या चर्चांच्या भिंतींत बाहेरून रंगीत मातीचे वाडगे बसवायची पद्धत होती. त्यातले कित्येक उत्तर आफ्रिकेत घडवलेले, आणि काहींवर शिडाची जहाजं रंगवलेली. अरबी कुंभाराने काढलेलं जहाज ख्रिस्ती देवळाच्या भिंतीवर, कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मूळ वाडगे आता पिसाच्या सान मत्तेओ संग्रहालयात ठेवले आहेत.

या किनाऱ्याचा भारताशी थेट संबंध होता का?

होता, आणि माणसांसकट. त्रिपोलीचा योसेफ लेब्दी अकराव्या शतकाच्या शेवटी गुजरातच्या अणहिलवाड्यापर्यंत व्यापाराला आला होता. परतल्यावर फुस्तातच्या न्यायालयात त्याच्यावर झालेल्या दाव्याचे कागद शिल्लक आहेत.

अब्राहम बेन यिजू मूळचा महदियाचा. ११३२ ते ११४९ या काळात तो बहुतेक मंगळुरात राहिला. तिथे पितळी-काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवला, मिरी, सुपारी आणि लोखंड एडनला पाठवलं, एडनहून कागद, साखर, बेदाणे मागवले. आशू नावाच्या दासीला त्याने ऑक्टोबर ११३२ मध्ये मुक्त केलं. तो दस्त उपलब्ध आहे. ती त्याच्या मुलांची आई. बोम्मा नावाचा त्याचा माणूस त्याच्या वतीने एडनच्या फेऱ्या करायचा. ११४९ मध्ये बेन यिजू एडनला परतला तेव्हा नॉर्मनांनी महदिया घेऊन वर्ष झालं होतं, आणि भावंडं परागंदा होऊन सिसिलीला गेल्याचं त्याच्या कानावर आलं. मुलीचं लग्न आपल्या भावाच्या मुलाशी व्हावं म्हणून त्याने पत्रामागून पत्रं पाठवली. ते लग्न पुढे फुस्तातमध्ये लागलं.

इब्न बतूता हा टँजियरचा. तो दौलताबादला आला, नंदुरबारला गेला आणि तिथले मराठे कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी असल्याचं लिहून गेला. त्यांच्या जेवणात भात, भाज्या आणि तिळाचं तेल असतं ही नोंदही त्याचीच. पुढे होन्नावरच्या सुलतानाबरोबर तो सिंदाबूरच्या, म्हणजे गोव्याच्या, स्वारीत सामील झाला.

फिबोनाचीने आपले अंक उत्तर आफ्रिकेत शिकले, हे खरं का?

खरं, हे त्याने स्वतःच लिहिलं आहे. पिसाचा लिओनार्दो, म्हणजे आपण ज्याला फिबोनाची म्हणतो तो. त्याचे वडील बिजायाच्या जकातखात्यात पिसाच्या व्यापाऱ्यांचे कारकून होते. हिशेब शिकावा म्हणून त्यांनी पोराला तिकडे बोलावून घेतलं, आणि तिथे त्याची भारतीय नऊ अंकांशी गाठ पडली. १२०२ मधल्या त्याच्या 'लिबेर आबाची' या ग्रंथाची सुरुवातच हे नऊ अंक आणि शून्य यांनी होते. पुढे पानोपानी मिरीचे भाव, नाणेबदल, भागीदारीतला नफा. ग्रंथ गणिताचा, पण वास वखारीचा. युरोपला ते लगेच पटलं असं नाही: १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदी केली होती.

प्रवास कसा असायचा?

एप्रिल ते ऑक्टोबर हा मोसम. हिवाळ्यात शहाणा माणूस जहाजावर चढत नसे. इब्न जुबैर मात्र फेब्रुवारी ११८३ मध्ये सेउताहून निघाला आणि तीस दिवसांत अलेक्झांड्रियाला पोचला. हज यात्रेला निघालेला हा मुसलमान गृहस्थ जेनोआच्या ख्रिस्ती जहाजातून गेला, आणि ती तेव्हा सर्वसाधारण गोष्ट होती. सार्डिनियाजवळ वादळाने जीव टांगणीला लावला. पण त्याचा खरा संताप झाला तो अलेक्झांड्रियाच्या जकातनाक्यावर: अधिकाऱ्यांनी प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं, सामान उपसलं, लोकांच्या कमरपट्ट्यांत हात घालून पैसे चाचपले, वरून शपथा घ्यायला लावल्या. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याला हे ठाऊक नसावं, नाहीतर त्याने थांबवलं असतं, असं तो लिहितो. साहेब चांगले, खालचे लोक वाईट!

परतताना ११८४ मध्ये त्याचं जहाज मेसिनाजवळ फुटलं. किनाऱ्यावर न्यायला नावाडी पैसे मागू लागले, तेव्हा गरीब मुसलमान प्रवाशांचे पैसे सिसिलीच्या ख्रिस्ती राजाने भरले.

गुलामांचा व्यापारही या बंदरांतून होता का?

हो, आणि तो गाळून या शहरांची श्रीमंती सांगणं खोटेपणाचं होईल. सहारापलीकडून माणसं धरून आणली जात. युरोपच्या किनाऱ्यांवरून पकडलेले लोक इथे विकले जात, आणि इथले पकडलेले जेनोआ, पिसा, मायोर्काच्या बाजारात. जेनोआची जहाजं काळ्या समुद्राकाठची मुलं अलेक्झांड्रियाला आणत. तीच पुढे मामलुक, म्हणजे गुलाम म्हणून विकत घेतलेले, सैनिक होत. कैदी सोडवणं हे इतकं नित्याचं होतं की त्यासाठी ख्रिस्ती साधूंचे स्वतंत्र संघ निघाले.

या बंदरांना उतरती कळा कधी लागली?

एका तारखेला नाही. १३४७-४८ च्या प्लेगने अलेक्झांड्रिया आणि ट्युनिस दोन्ही पोखरली. ट्युनिसमध्ये पुढे थोर इतिहासकार झालेल्या, तेव्हा सोळा वर्षांच्या इब्न खल्दूनचे आई-वडील त्यात गेले. पोर्तुगीजांनी १४१५ मध्ये सेउता घेतलं, पण सोन्याचे तांडे लगेच दुसऱ्या बंदरांकडे वळले, हाती आली ती खर्चिक छावणी. मग पोर्तुगीज किनाऱ्याकिनाऱ्याने थेट दक्षिणेला सरकले आणि १४८२ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एल्मिनाचा किल्ला बांधून सोन्याच्या उगमाजवळच जाऊन बसले. १४९८ मध्ये वास्को द गामा भारतात पोचल्यावर अलेक्झांड्रिया संपलं, असं शाळेत शिकवतात; प्रत्यक्षात सोळाव्या शतकाच्या मध्यात तिथला मिरीचा व्यापार पुन्हा चांगला सावरला होता.

पोर्तुगीजांनी १४७१ मध्ये घेतलेल्या टँजियरची पुढची गोष्ट मुंबईकरांना माहीत हवी. १६६१ च्या करारात राजकन्या कॅथरीनच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला जो हुंडा मिळाला, त्यात मुंबई आणि टँजियर दोन्ही होती. तेव्हा लंडनला टँजियर मोलाचं वाटत होतं. १६८४ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं.

आज जाऊन काय बघता येईल?

सूस आणि मोनास्तीरचे रिबात, म्हणजे किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या धर्मवीरांचे तटबंद मठ. दोन्हींचे बुरुज चढता येतात. महदियात गळ्यावरच्या कोटाचा सकीफा अल-कहला हा बोगद्यासारखा दरवाजा आणि खडकात कोरलेलं बंदर. बिजायात समुद्राकडचा जुना दरवाजा, बाब अल-बहर. अलेक्झांड्रियात दीपस्तंभ उरला नाही, त्याच्या जागी १४७७ मध्ये सुलतान कायतबायने बांधलेला किल्ला उभा आहे. एकच ठिकाण निवडायचं असेल तर महदिया निवडा, आणि कोटापासून टोकापर्यंत पायी जा.